तीन फुटी रुळांवरचे इंजिन: एक वाक्य आणि एक नकाशा

२२ ऑगस्ट १८०२ रोजी रिचर्ड ट्रेव्हिथिकने कोलब्रुकडेलहून कॉर्नवॉलमधल्या आपल्या स्नेह्याला, डेव्हिस गिडीला, एक पत्र लिहिले. पत्राचा बराचसा भाग पाणी उपसणाऱ्या एका इंजिनाविषयी आहे. सिलिंडरचा व्यास सात इंच, दट्ट्याची धाव तीन फूट, आणि वाफेचा दाब चौरस इंचाला १४५ पौंडांपर्यंत चढवलेला. जेम्स वॉटची इंजिने हवेच्या दाबाहून जेमतेम काही पौंड जास्त दाबावर चालत, त्या काळातला हा आकडा आहे. एवढ्याशा सिलिंडरने पंपाच्या माथ्यापर्यंत पाणी चढणे अशक्य, असे तिथल्या इंजिनिअरांनी आधीच सांगून टाकले होते. पाणी चढले. ते पाहून त्यांची मते कशी पालटली, हे ट्रेव्हिथिकने मोठ्या आनंदाने कळवले आहे. आणि याच पत्रात एक वाक्य येते: डेल कंपनीने, म्हणजे कोलब्रुकडेलच्या लोखंडाच्या कंपनीने, स्वतःच्या खर्चाने रुळांवर चालणारी एक गाडी बांधायला घेतली असून काम नेटाने पुढे चालले आहे.

रुळांवरच्या वाफेच्या इंजिनाचा हा सर्वांत जुना समकालीन उल्लेख मानला जातो. मर्थर टिडव्हिलजवळच्या पेनीडॅरनची प्रसिद्ध फेरी याच्यानंतर दीड वर्षाने झाली. जगातली पहिली आगगाडी म्हणून पाठ्यपुस्तकांत येते ती पेनीडॅरनची. कोलब्रुकडेलच्या वाट्याला आले आहे ते हे एक वाक्य, आणि इंजिनाच्या रचनेचा एक नकाशा. तो नकाशा मात्र दोन शतके बहुतेक वेळा दुसऱ्याच इंजिनाच्या नावावर खपला, असे मला वाटते. त्याची कारणे इथे क्रमाने मांडतो.

आधी साधनांविषयी. ट्रेव्हिथिक १७७१ साली कॉर्नवॉलच्या खाणप्रदेशात जन्मला आणि तांब्या-कथलाच्या खाणींवरच्या इंजिनांच्या सहवासात वाढला. शालेय शिक्षण यथातथाच. गणित अडले की तो गिडीला विचारी. वाफ थंड करून पुन्हा पाणी करण्याची वॉटची सगळी सोय काढून टाकली आणि जोरदार दाबाची वाफ काम झाल्यावर सरळ हवेत सोडली, तर शक्तीचे नुकसान किती, असा त्याने विचारलेला एक प्रश्न. एका वातावरणाच्या दाबाइतके, हे गिडीचे उत्तर. शिवाय हवा उपसणारा पंप आणि त्याचे घर्षण वाचते, हीही त्याची पुस्ती. इंजिन लहान आणि हलके करता येईल, ते गाडीवर चढवता येईल, याची गुरुकिल्ली या उत्तरात होती. गिडीने पुढे गिल्बर्ट हे आडनाव घेतले आणि तो रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. ट्रेव्हिथिकची पत्रे त्याने जपून ठेवली, म्हणून आज आपण हे सगळे बोलू शकतो.

आपल्याकडे कागदाची अस्सल पत्र आणि बखर अशी प्रतवारी करण्याची शिस्त आहे, ती इथे तंतोतंत लागू पडते. गिडीला आलेली पत्रे घटनेनंतर थोड्याच दिवसांत लिहिलेली, तारीख घातलेली, अस्सल. ट्रेव्हिथिकचा मुलगा फ्रान्सिस याने १८७२ साली वडिलांचे चरित्र छापले. त्यात अस्सल पत्रे आहेत, तशा म्हाताऱ्या कारागिरांच्या आठवणी आणि मुलाचा अभिमानही आहे. ते चरित्र वाचताना कोणते वाक्य कोणत्या थरातले, हे दर वेळी तपासावे लागते.

आता जागा. कोलब्रुकडेल हे श्रॉपशर परगण्यात सेव्हर्न नदीकाठचे लोखंडाचे गाव. डोंगरात कोळसा, लोहखनिज आणि चुनखडी, खाली नदी, आणि मधल्या उतारांवर कारखाने. खाणीच्या तोंडापासून भट्टीपर्यंत आणि भट्टीपासून नदीच्या धक्क्यापर्यंत माल नेण्यासाठी इथे फार पूर्वीपासून लाकडी रूळ होते. १७६७ साली कंपनीने त्यांवर बसवायला ओतीव लोखंडाचे रूळ काढले. शतकाच्या अखेरीस काटकोनात वळलेल्या लोखंडी पट्ट्या आल्या. गाडीचे चाक साधे, सपाट, आणि ते रुळावरून घसरू नये म्हणून लागणारी उभी कड चाकाऐवजी रुळालाच. अशा पट्ट्यांची वाट अरुंद ठेवण्यात फायदा होता: खाणीतली बोगदी अरुंद, डोंगरातली वळणे आवळ, आणि डबे एका घोड्याला ओढवतील एवढेच. आपल्या ओळखीच्या मापात सांगायचे तर माथेरानची गाडी दोन फुटी गेजवर चालते, बार्शी लाइटचे गेज अडीच फूट होते. आपल्याला ज्या नकाशाचा विचार करायचा आहे, त्यातली वाट तीन फुटी आहे.

२२ ऑगस्टच्या त्या वाक्यानंतर पत्रव्यवहार या गाडीपुरता गप्प होतो. (इकडे दोनच महिन्यांनी यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. वाचकाला काळाचा अंदाज यावा म्हणून एवढेच.) इंजिन पुरे झाले का, रुळांवर चढले का, चढले तर काय ओढले, याचा उल्लेख नाही. एका अपघातात कंपनीचा एक कामगार दगावला म्हणून काम सोडून दिले, अशी हकीकत सांगितली जाते. ऑगस्टच्या पत्रात तिला आधार नाही, आणि तो असणारही नाही, कारण तेव्हा गाडी नुकतीच बांधायला घेतली होती. म्हणून ती हकीकत मी खरीही धरत नाही आणि खोटीही.

दोन गोष्टी मात्र पक्क्या आहेत. या भागातला विल्यम रेनॉल्ड्स हा लोखंडाचा कारखानदार नव्या यंत्रांचा मोठा भोक्ता होता. जून १८०३ मध्ये त्याचे निधन झाले. त्यानंतर तीन महिन्यांनी, ८ सप्टेंबर १८०३ रोजी, लंडनजवळ ग्रिनिच येथे ट्रेव्हिथिकच्या पद्धतीचे पाणी उपसणारे एक इंजिन फुटले. इंजिनावर ठेवलेला पोरगा ईल मासे धरायला गेला होता आणि सुरक्षा झडप दाबून बसवलेली होती. तीन माणसे जागीच गेली, चौथा जखमांनी. १ ऑक्टोबरच्या पत्रात ट्रेव्हिथिकने ही हकीकत गिडीला कळवली. या अपघाताचे भांडवल करून बोल्टन आणि वॉट आपल्याला बुडवायला निघाले आहेत, ही तक्रारही केली. यापुढे प्रत्येक बॉयलरला दोन झडपा ठेवायच्या, आणि पाणी कमी पडले की वितळून वाफेला वाट देईल असे शिसे बसवायचे, हे त्याने यातून ठरवले. कोणत्याही कंपनीने १८०३ च्या हिवाळ्यात जोरदार दाबाच्या इंजिनाकडे जरा संशयाने पाहिले असते. कोलब्रुकडेलचे काम का थांबले असावे, याचे हे उत्तर म्हणता येणार नाही, पण त्या वेळची हवा काय होती हे यावरून कळते.

१ ऑक्टोबरचे ते पत्र पेनीडॅरनहून लिहिलेले आहे. म्हणजे तोवर ट्रेव्हिथिक दक्षिण वेल्समध्ये, सॅम्युअल हॉम्फ्रेच्या लोखंडाच्या कारखान्यात पोचला होता. मर्थरच्या कारखानदारांत तेव्हा कालव्यावरून चुरस होती. कालव्यावर सिफार्थ्फाच्या रिचर्ड क्रॉशेचा वरचष्मा, म्हणून बाकीच्या तीन कारखान्यांनी मिळून १८०२ मध्ये मर्थरपासून अ‍ॅबरकननच्या धक्क्यापर्यंत साडेनऊ मैलांची स्वतःची रूळवाट घातली होती. दगडी ठोकळ्यांवर ओतीव लोखंडाच्या पट्ट्या, आणि वर घोडे.

इथून पुढे पत्रे भरभरून बोलू लागतात. १५ फेब्रुवारी १८०४ च्या पत्रात ट्रेव्हिथिक सांगतो की गेल्या शनिवारी इंजिनात विस्तव घातला आणि चाके न जोडता ते चालवून पाहिले, सोमवारी ते रुळांवर ठेवले. त्या वर्षाचे पंचांग मांडले तर १५ तारीख बुधवारी येते, म्हणजे शनिवार ११ चा आणि सोमवार १३ चा. वार आणि तारखा जुळतात.

२० फेब्रुवारीचे पत्र मला या सगळ्या कागदांत सर्वांत मोलाचे वाटते. यात आकडे आहेत. पाण्यासह इंजिनाचे वजन सुमारे पाच टन. सिलिंडरचा व्यास सव्वाआठ इंच, दट्ट्याची धाव साडेचार फूट, मिनिटाला चाळीस फेरे, आणि दर फेऱ्याला इंजिन नऊ फूट पुढे. यार्डामागे दोन इंच अशा चढावर रिकाम्या गाड्या घेऊन ते याच गतीने चढले. मग तो एक निरीक्षण नोंदवतो. काम झालेली वाफ धुराड्यात, विस्तवाच्या तीन फूट वर सोडली आहे. धुराड्याचे तोंड तिथून आठच फूट वर, तरी बाहेर वाफेचा लवलेश दिसत नाही. शिवाय इंजिन उभे असताना जळतो त्याहून विस्तव ते चालू असताना, वाफ धुराड्यात जात असताना, कितीतरी चांगला जळतो. वर सुटणारी वाफ मागची हवा ओढून घेते आणि भट्टीला आपोआप भाता लागतो. जितके काम जास्त, तितका विस्तव जोरात. पुढे शंभर-दीडशे वर्षे जगातली जवळजवळ प्रत्येक आगगाडी या तत्त्वावर धावली, आणि ते पहिल्यांदा ध्यानात आल्याच्या सुमाराचे शब्द आपल्यासमोर आहेत. ट्रेव्हिथिकला कारण उलगडलेले नाही. जे दिसले ते त्याने प्रामाणिकपणे लिहिले.

२२ फेब्रुवारीच्या पत्रात फेरीची हकीकत आहे, आणि ती ‘काल’ घडली असे म्हटल्यामुळे तारीख ठरते: मंगळवार, २१ फेब्रुवारी १८०४. दहा टन लोखंड, पाच डबे, आणि पूर्ण वाटभर त्यांवर बसलेली सत्तर माणसे. अंतर नऊ मैलांहून जास्त, वेळ चार तास पाच मिनिटे. वाटेत काही झाडे तोडावी लागली, मोठे धोंडे बाजूला सारावे लागले. प्रत्यक्ष चालताना वेग ताशी जवळपास पाच मैल. निघाल्यापासून पोचेपर्यंत बॉयलरमध्ये पाणी घातले नाही. कोळसा दोन हंड्रेडवेट जळला, म्हणजे सुमारे शंभर किलो.

हे आकडे एकमेकांवर घासून पाहता येतात. मिनिटाला चाळीस फेरे, फेऱ्याला नऊ फूट, म्हणजे मिनिटाला ३६० फूट, ताशी चार मैलांहून किंचित जास्त. जवळपास पाच मैल ही थोडी उदार गोळाबेरीज, पण अवास्तव नाही. जरा जोरात, पन्नासाच्या आत-बाहेर फेरे पडले की तेवढा वेग येतो. चार मैलांच्या वेगाने साडेनऊ मैलांना अडीच तासांच्या आतच वेळ लागतो. प्रत्यक्षात चारहून जास्त लागले. उरलेला दीड-पावणेदोन तासांचा वेळ झाडे, धोंडे आणि थांबे यांत गेला असला पाहिजे. ही रूळवाट घोड्यासाठी बांधलेली होती, हे इथे आकड्यांतच दिसते. घोडा जिथून आरामात जाई, तिथून रुंद बॉयलर आणि उंच धुराडे जाण्यासाठी वाट साफ करावी लागली.

परतीत, लोखंड उतरवण्याच्या धक्क्यापासून सुमारे चार मैलांवर, आस बॉयलरला जखडणारा एक लहान बोल्ट तुटला आणि सगळे पाणी वाहून गेले. इंजिन २२ तारखेच्या संध्याकाळपर्यंत परत येणार नव्हते. एका बोल्टच्या तुटण्याने बॉयलर कसा रिकामा होतो? कारण इंजिनाला वेगळा सांगाडाच नव्हता. आस थेट बॉयलरच्या अंगालाच बसवलेला. बॉयलर हाच सांगाडा, हीच पाण्याची टाकी, आणि रुळांचा प्रत्येक धक्का त्याच्याच अंगावर.

इंजिनाविरुद्ध पाचशे गिनींची पैज लावणारा गृहस्थ संपूर्ण वाटभर गाडीतच बसून आला आणि हरल्याचे त्याने मान्य केले, असेही हे पत्र सांगते. नाव मात्र देत नाही. पुढच्या कथनांत कोणी तो क्रॉशे होता म्हणतो, कोणी दुसऱ्याच कारखानदाराचे नाव घेतो; रक्कमही हजारावर जाते. माझ्या मते पैजेबाबत पत्रातले तेवढेच घ्यावे: पाचशे गिनी, आणि एक हरलेला माणूस. २४ फेब्रुवारीच्या ‘द केंब्रियन’ या स्वान्सीच्या वृत्तपत्रात, जे जेमतेम महिन्याभरापूर्वी सुरू झाले होते, या चाचणीची बातमी आली. आता देशातल्या घोड्यांची संख्या बरीच घटेल, असे भाकीत तिच्यात होते.

याउलट बाजूचा साक्षीदार आहे रीस जोन्स, पेनीडॅरनचा कारागीर. इंजिनाचे बरेचसे भाग त्याने जोडले होते. १८५८ साली, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्याने आपली आठवण सांगितली आणि ती ‘मायनिंग जर्नल’मध्ये छापली गेली. तो म्हणतो की रुळांच्या पट्ट्या वारंवार तुटत. धक्क्याकडे जाणाऱ्या फेरीत बऱ्याच पट्ट्या तुटल्या, आणि इंजिन घोडे लावून परत आणावे लागले. पुढे ते रुळांवर चाललेच नाही, कारखान्यात एका जागी बसवून त्याच्याकडून काम घेतले.

ट्रेव्हिथिकच्या पत्रात पट्ट्या तुटल्याचा शब्द नाही. कोणावर विश्वास ठेवायचा? चोपन्न वर्षांनी सांगितलेल्या आठवणीत दोन-तीन फेऱ्या एकीत मिसळणे सहज शक्य आहे. त्यामुळे तारखा, अंतरे आणि वेळ यांसाठी मी पत्र घेतो. पण पट्ट्यांच्या बाबतीत जोन्सला खोटे पाडायला कारण दिसत नाही. ट्रेव्हिथिक आपल्या सल्लागाराला यश कळवत होता. मालकाचे रूळ मोडल्याची बातमी त्या पत्रात यावी अशी अपेक्षा करता येत नाही. त्यात पाच टनांचे इंजिन आणि ठिसूळ ओतीव लोखंडाची पट्टी, हे गणित जोन्सच्या बाजूने उभे राहते. मार्चच्या सुरुवातीच्या पत्रात ट्रेव्हिथिक पंचवीस टन ओढल्याचे सांगतो. लंडनहून येणाऱ्या पाहुण्यांपुढे याच इंजिनाकडून पाणी उपसून घ्यायचे, हातोडा चालवून घ्यायचा, कोळसा ओढून घ्यायचा, आणि शेवटी रुळांवर न्यायचे, असा बेतही मांडतो. एकाच यंत्राने खाणीची चार कामे करावीत, हे त्याच्या मनातले चित्र होते. ते एका जागी बसवले गेले, याचा हॉम्फ्रेला फारसा खेद झाला असेल असे वाटत नाही.

आता तो नकाशा. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये १८०३ सालचा मानला जाणारा एक जुना नकाशा आहे. आडवा बॉयलर, आत वळून परत येणारी धुराची नळी, त्यामुळे भट्टीचे दार आणि धुराडे एकाच बाजूला. त्याच टोकाला बॉयलरमध्ये आडवा बसवलेला सिलिंडर. एका अंगाला भलेमोठे फ्लायव्हील, दुसऱ्या अंगाच्या चाकांना दंतचक्रांतून गती. जगातल्या पहिल्या आगगाडीचे म्हणून आपण जे चित्र पाहतो ते बहुधा यावरून काढलेले असते. ब्रिटनने २००४ साली द्विशताब्दीनिमित्त काढलेल्या दोन पौंडांच्या नाण्यावर आणि स्वान्सीच्या संग्रहालयातल्या चालत्या प्रतिकृतीतही तीच घडण दिसते.

पण मापे घेऊन बसले की पेनीडॅरनशी हा नकाशा जुळत नाही. पत्रात दट्ट्याची धाव साडेचार फूट, नकाशात तीन. पत्रातला सिलिंडर सव्वाआठ इंची, नकाशातला त्याहून बराच लहान. मर्थरची रूळवाट चार फुटांहून रुंद, नकाशातली तीन फुटी. एखादा आकडा चुकला म्हणून सोडून देता आला असता, इथे तिन्ही एकाच दिशेने चुकतात. नकाशातले इंजिन सगळ्या अंगांनी लहान आहे. तीन फुटी पट्ट्यांची वाट होती कोलब्रुकडेलसारख्या खाणप्रदेशात, आणि तिथे इंजिन बांधायला घेतल्याचे पत्र आपल्या हाती आहे. शिवाय ज्या पंपाच्या इंजिनाचा अभिमान त्या पत्रात ओसंडतो, त्याचीही धाव तीनच फूट. कारखान्यात हाताशी असलेला घाट कंपनीने नव्या गाडीला वापरला असेल, हा माझा तर्क. नकाशा आणि वाक्य एकाच इंजिनाचे आहेत, हे मात्र मी तर्कापेक्षा जास्त ठामपणे म्हणेन. पेनीडॅरनच्या इंजिनाचा नकाशा शिल्लक नाही. म्हणून त्याला दुसऱ्याचा चेहरा मिळाला.

एवढ्यावरून कोलब्रुकडेलचे इंजिन धावले, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरायला नकाशाच पुरेसा आहे. दट्ट्याच्या दांड्याला जोडलेला आडवा दांडा आणि तो ज्या सळयांवर पुढे-मागे सरकतो त्या सळया, हे सगळे भट्टीच्या दाराच्या नेमके वर आहे. कोळसा घालणाऱ्याने वाकायचे ते या सरकत्या लोखंडाखाली, तेही इंजिन चालू असताना. शेजारून चालत कोळसा घालावा, तर एका अंगाला फ्लायव्हील आणि दुसऱ्या अंगाला दंतचक्रे. कारखान्याच्या अंगणात इंजिन उभे ठेवून चालवायला ही रचना चालून जाते. नऊ मैलांच्या वाटेवर ती माणसाच्या जिवावर उठेल. कामगार दगावल्याची ती हकीकत कधी एखाद्या अस्सल कागदात सापडली, तर तिचे कारण शोधायला फार लांब जावे लागणार नाही.

कोलब्रुकडेलजवळच्या ब्लिस्ट्स हिल येथे १९८० च्या दशकात या नकाशावरून, तीन फुटी वाट धरून, एक प्रतिकृती बांधायला घेतली गेली. ती वाफेवर चालवून दाखवतात. तिच्याकडून एक गोष्ट सिद्ध होते: कागदावरचे यंत्र प्रत्यक्ष चालू शकते. १८०२ च्या शरदात किंवा १८०३ मध्ये ते चालले, यासाठी हवा आहे तो कंपनीच्या हिशेबवहीतला एक खर्चाचा आकडा, किंवा गिडीच्या दफ्तरातली आणखी चार ओळींची चिठ्ठी.